थंडीची लाट : रात्रीचे संकट, दिवसाची तयारी

नैसर्गिक आपत्ती म्हटली की महाराष्ट्रातील माणसाच्या डोळ्यांपुढे अवर्षण, महापूर, गारपीट किंवा भूकंप उभा राहतो. थंडीची गणना आपण या मालिकेत सहसा करीत नाही. हिवाळा हा आपल्याकडे सुखाचा ऋतू मानला जातो आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. हुरडा, बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, तिळगूळ या साऱ्या गोष्टी याच दिवसांतल्या. गहू व हरभरा या पिकांना थंडी मानवते. कोकणात आंब्याला मोहोर येण्यासाठी आणि विदर्भात संत्र्याचा आंबिया बहार फुटण्यासाठी थंडीचीच वाट पाहिली जाते.

परंतु दर हिवाळ्यात काही रात्री अशा येतात की, पारा एकाएकी घसरतो आणि याच ऋतूचे रूप पालटते. पक्क्या घरात गोधडी पांघरून झोपलेल्या माणसाला सकाळी 'काल गारठा फार होता' एवढेच जाणवते. त्याच रात्री उसाच्या फडालगतच्या कोपीत, रेल्वे स्थानकाबाहेरच्या पदपथावर आणि डोंगरातल्या पाड्यावरील कुडाच्या घरात मात्र तान्ही मुले व वृद्ध यांच्या जिवाची कसोटी लागलेली असते. त्याच रात्री एखाद्या बागायतदाराचे वर्षाचे कष्ट वाया जाण्याचा संभव असतो. थंडीची ही बाजू ध्यानात घेऊनच केंद्र शासनाने २०१२ साली थंडीची लाट व कडाक्याचे दहिवर यांचा समावेश साहाय्यास पात्र असलेल्या आपत्तींच्या यादीत केला.

या आपत्तीचे एक वैशिष्ट्य असे की, ती अवचित येत नाही. तिची चाहूल हवामान खात्याला दोन-चार दिवस आधी लागते. शिवाय तिचा जोर पहाटे असतो. म्हणजे तिच्याशी सामना करण्याची तयारी करण्यास आदला संपूर्ण दिवस आपल्या हाती असतो. थंडीपासून होणारी बहुतेक हानी रात्री होत असली, तरी ती टाळण्याचे काम दिवसा करावयाचे असते.

थंडी येते कोठून?

हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेल्या वादळी हवेच्या प्रणाली इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान या मार्गाने भारताच्या वायव्य भागात येतात. हवामानशास्त्रात त्यांना पश्चिमी विक्षोभ असे म्हणतात. त्यांच्यामुळे जम्मू-काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथे बर्फ पडते. ही प्रणाली पुढे सरकली की तिच्या पाठोपाठ उत्तरेकडील थंड व कोरडे वारे मैदानी प्रदेशात उतरू लागतात. राजस्थान व मध्य प्रदेश ओलांडून ते आपल्याकडे येतात तेव्हा खानदेश, नाशिक परिसर, मराठवाडा आणि विदर्भ यांना त्यांचा प्रथम स्पर्श होतो. कोकणाला समुद्राची सोबत असल्याने तेथे थंडीचा कडाका सौम्य राहतो.

मात्र केवळ उत्तरेचे वारे आले म्हणजे लाट आली असे नव्हे. जमीन दिवसा सूर्याची उष्णता घेते आणि रात्री ती आकाशाकडे परत सोडते. आकाशात ढग असले तर ते पांघरुणासारखे काम करतात. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असेल, तर जमिनीची उष्णता झपाट्याने निघून जाते. डिसेंबर-जानेवारीतील रात्री लांब असल्याने ही क्रिया बारा-तेरा तास चालू राहते. म्हणूनच तापमान सर्वांत कमी होते ते मध्यरात्री नव्हे, तर सूर्योदयाच्या सुमारास.

थंड हवा जड असते. पाणी जसे उताराने वाहत जाऊन सखल जागी साचते, तशीच ही हवाही नदीकाठच्या व खोलगट जमिनीत साचते. एकाच गावात टेकाडावरील शेत वाचते आणि ओढ्याकाठचे करपते, याचे कारण हेच. नाशिक जिल्ह्यातील गोदावरी व कादवा या नद्यांच्या परिसरात वसलेल्या निफाड तालुक्याचे नाव दर हिवाळ्यात वृत्तपत्रांत झळकते. तेथील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर होणारी तापमानाची नोंद अनेकदा राज्यातील नीचांकी नोंदींपैकी एक असते.

लाट कशाला म्हणावे?

हवामान खात्याने यासाठी निश्चित निकष ठरविले आहेत. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असेल आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी खाली गेले असेल, तर थंडीची लाट समजली जाते. घट याहूनही अधिक असेल तर ती तीव्र लाट होय. सरासरी काहीही असो, मैदानी भागात तापमान ४ अंशांपर्यंत उतरले की लाट आणि २ अंशांपर्यंत उतरले की तीव्र लाट जाहीर केली जाते. किनारपट्टीवर मात्र तापमान १५ अंश वा त्याहून कमी आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी खाली असले तरी लाटेचा विचार होतो. कारण थंडी किती आहे यापेक्षा ती सवयीच्या किती बाहेर आहे, हे महत्त्वाचे असते.

आपल्या राज्यात अशा रात्री काही अपवादात्मक नाहीत. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. मुंबईत सांताक्रूझ येथे जानेवारी १९६२ मध्ये ७.४ अंश तापमान नोंदले गेले. उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर आला होता.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झरोक्याच्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. निरभ्र रात्री जमिनीलगतचे तापमान त्याहून काही अंशांनी कमी असते. त्यामुळेच तापमापक शून्याच्या वर असतानाही महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी गवतावरील दव गोठलेले दिसते. रोप जमिनीलगत असते आणि उघड्यावर झोपणारा माणूसही जमिनीलगतच असतो. बातमीत ऐकलेला आकडा त्यांच्यासाठी आणखी कमी समजावा.

शरीर थंडीशी कसे झगडते?

मनुष्याच्या शरीराचे अंतर्गत तापमान सुमारे ३७ अंश असते. थंडी वाजू लागली की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि स्नायूंना कंप सुटून शरीर स्वतःच उष्णता निर्माण करू लागते. हुडहुडी ही शरीराने आपल्या रक्षणासाठी केलेली तजवीज होय. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले, की ज्या स्थितीला डॉक्टर हायपोथर्मिया म्हणतात ती सुरू होते. मनुष्य गोंधळतो, त्याचे बोलणे अडखळते, हातपाय वळेनासे होतात, झोप अनावर होते. थंडीत काकडणाऱ्या माणसाची हुडहुडी ऊब न मिळताच थांबली आणि तो सुस्तावला, तर तो बरा झाला असे न समजता ते धोक्याचे चिन्ह मानावे.

अशा व्यक्तीस आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, डोके, मान व छाती घोंगडीने वा ब्लँकेटने झाकावीत. ती शुद्धीवर असेल व तिला गिळता येत असेल, तर कोमट गोड पेय द्यावे. हातपाय जोराने चोळू नयेत. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी.

मद्याने अंगात ऊब येते, हा समज घातक आहे. मद्यामुळे त्वचेतील रक्तवाहिन्या फुलतात आणि गरम वाटू लागते. प्रत्यक्षात शरीरातील उष्णता त्या वाटेने बाहेर पडत असते. मद्यप्राशन करून उघड्यावर झोपणारा मनुष्य त्यामुळे दुहेरी धोक्यात असतो.

ऊब मिळते ती कपड्यात अडकलेल्या हवेमुळे. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातलेले अधिक चांगले. जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर घालून शिवलेली गोधडी उबदार का असते, याचे उत्तर याच तत्त्वात आहे. मेंढीच्या लोकरीची घोंगडीही हवा धरून ठेवते. मात्र अंथरूण पातळ असेल तर नुसत्या पांघरुणाचा उपयोग नाही, कारण जमीन खालून उष्णता ओढून घेत असते. जमिनीवर झोपणाऱ्यांनी खाली गवत, तरट किंवा पुठ्ठा पसरून त्यावर अंथरूण घालावे.

थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावल्याने रक्तदाब वाढतो व हृदयावर ताण पडतो. हृदयरोग, रक्तदाब किंवा दमा यांचा विकार असलेल्या वयस्कर व्यक्तींनी पहाटेचे फिरणे सूर्य वर येईपर्यंत लांबणीवर टाकावे आणि औषधांत खंड पडू देऊ नये.

नवजात बालकाची ऊब

थंडीचा सर्वांत मोठा धोका नुकत्याच जन्मलेल्या आणि विशेषतः कमी वजनाच्या बालकांना असतो. त्यांच्या अंगावर चरबी कमी असते आणि मोठ्या माणसाप्रमाणे हुडहुडी भरून उष्णता निर्माण करण्याची शक्ती त्यांना नसते. बालकाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांच्या दरम्यान असावे. ते खाली गेले की मूल नीट दूध ओढत नाही, दूध कमी गेले की ते अधिकच गार पडते आणि हे चक्र जिवावर बेतू शकते.

त्यावरचे उपाय साधे आहेत. जन्मानंतर बाळाला लगेच कोरडे करावे. पहिले २४ तास आंघोळ घालू नये. डोक्याला टोपडे व पायांत मोजे घालावेत. बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे धरून वरून पांघरूण घालावे. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास, कमी वजनाच्या बाळांसाठी यंत्रे अपुरी पडू लागल्याने डॉक्टरांनी ही पद्धत अवलंबिली आणि पुढे ती जगभर मान्य झाली. बाळाचे पोट गरम पण पाय गार लागत असतील तर त्याला थंडी वाजते आहे, आणि पोटही गार लागत असेल तर विलंब न करता दवाखाना गाठावा.

आपल्या राज्यात गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. बाळाला ऊब देणे, स्तनपान आणि जंतुसंसर्गावर उपचार ही त्यातील प्रमुख अंगे होती. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने प्रयोगातील गावांत नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्या याच धर्तीवर प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत ठराविक दिवशी घरी भेट देतात. थंडीच्या दिवसांत या भेटी चुकू न देणे हे प्रत्येक कुटुंबाचे व गावाचे कर्तव्य होय.

बंद खोलीतील शेगडी

थंडीपेक्षा थंडीवरचा उपाय जीवघेणा ठरल्याची उदाहरणे दर हिवाळ्यात ऐकू येतात. दारे-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी वा घमेल्यातील निखारे खोलीत ठेवून झोपणे हा त्यांतील सर्वांत मोठा अपघात. अपुऱ्या हवेत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही व वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट सहजतेने जोडला जातो. त्यामुळे रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. डोके दुखणे, चक्कर, मळमळ व गुंगी ही त्याची लक्षणे. झोपलेल्या माणसाला तीही कळत नाहीत. हवा जाण्यास वाट नसलेल्या न्हाणीघरात गॅसवर चालणारा गीझर वापरण्यातही हाच धोका आहे.

खोली उबदार करावयाची असेल तर शेगडी जागेपणी, खिडकी उघडी ठेवून वापरावी आणि झोपण्यापूर्वी ती घराबाहेर ठेवावी. एखादी व्यक्ती गुंगीत आढळल्यास प्रथम दारे-खिडक्या उघडून तिला मोकळ्या हवेत आणावे.

कोपी आणि पदपथ

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आणि थंडी एकाच वेळी सुरू होतात. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो ऊसतोड कुटुंबे या काळात पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. बांबू, पाचट आणि प्लॅस्टिकचा कागद यांची कोपी हेच त्यांचे घर. पहाटे, कधी मध्यरात्रीही, उठून त्यांना गाडी भरण्यास जावे लागते आणि त्या वेळी लहान मुले कोपीत असतात. भोवताली वाळलेले पाचट असल्याने जवळ शेकोटी पेटविणेही धोक्याचे. कारखाने, स्थानिक ग्रामपंचायती आणि स्वयंसेवी संस्था यांनी हंगामाच्या आरंभीच कोप्यांसाठी कोरडी व उंच जागा, ताडपत्री, ब्लँकेट आणि शेकोटीसाठी कोप्यांपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला एक सामाईक जागा उपलब्ध करून दिली, तर मोठा अनर्थ टळू शकेल. धुके पडणाऱ्या भागात उसाच्या गाड्यांना व ट्रॉलींना मागील बाजूस चकाकणाऱ्या पट्ट्या लावणेही तितकेच निकडीचे आहे.

शहरांतील बेघरांचा प्रश्न २०१० साली दिल्लीतील कडाक्याच्या थंडीत सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि त्यांना निवारा देणे ही शासनसंस्थेची जबाबदारी असल्याचे अधोरेखित झाले. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात दर एक लाख नागरी लोकसंख्येमागे १०० व्यक्तींसाठी एक कायम निवारा, असा निकष ठरविण्यात आला. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. संत गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या त्या निराश्रितांच्या डोक्यावर छप्पर असावे म्हणूनच. त्यांचा स्मृतिदिन, २० डिसेंबर, ऐन थंडीत येतो. या दिवशी केवळ पुतळ्यास हार न घालता आपल्या गावातील बसस्थानक, बाजारपेठ व मंदिराच्या ओवऱ्या येथे रात्री फेरी मारून उघड्यावर झोपणाऱ्यांना निवाऱ्यापर्यंत पोहोचविले, तर तेच उचित अभिवादन ठरेल.

शेतकऱ्याची रात्र

द्राक्षबागेत थंडी वाढली की मण्यांची वाढ मंदावते, भुरी रोगाचा जोर होतो आणि पक्वतेच्या वेळी दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत पडल्यास मणी गुलाबी पडतात वा तडकतात. केळीची वाढ १० ते १२ अंशांखाली जवळजवळ थांबते. त्यामुळे जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल पट्ट्यात अशा रात्री चिंतेच्या ठरतात. कांद्याला डेंगळे येतात. कोकणात थंडी लांबली तर आंब्याला पुन्हा मोहोर फुटतो आणि आधी धरलेली फळे गळतात.

यावरील पहिला उपाय म्हणजे पाणी. ओली जमीन दिवसा अधिक उष्णता साठविते व रात्री ती सावकाश सोडते. विहिरीचे पाणीही या दिवसांत पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असते. म्हणून लाटेचा इशारा मिळताच सायंकाळी वा रात्री हलके पाणी द्यावे.

दुसरा उपाय शेकोटीचा. धुराने पीक वाचते असे मानले जाते. परंतु धुरापेक्षा अधिक उपयोगी पडते ती आगीची उष्णता आणि तिच्यामुळे होणारी हवेची हालचाल. एका मोठ्या आगीची उष्णता थेट वर निघून जाते. त्याऐवजी बांधावर ठिकठिकाणी लहान शेकोट्या पेटविणे अधिक परिणामकारक ठरते. टायर किंवा प्लॅस्टिक मात्र जाळू नये.

भाजीपाल्याची रोपवाटिका सायंकाळी गवत, तरट वा कापडाने झाकावी आणि सकाळी ऊन आल्यावर मोकळी करावी. केळीचे घड व द्राक्षाचे घोस झाकावेत. बागेच्या उत्तरेस व पश्चिमेस शेवरीसारखी झाडे लावून वारा अडविण्याची व्यवस्था पावसाळ्यातच करावी.

गोठ्याच्या उघड्या बाजूंना रात्री पोत्यांचे पडदे लावावेत. करडे व वासरे कोरड्या पाचटावर बांधावीत. कोंबडीच्या पिलांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंशांची ऊब लागते. ती विजेच्या दिव्याने पुरविताना हवा खेळती राहील याकडे लक्ष द्यावे.

इशारा आणि कृती

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली आणि शेतीसाठी हवामानाचा अभ्यास करणारा त्याचा विभाग १९३२ पासून पुण्यात कार्यरत आहे. आज हे खाते पिवळा, नारिंगी व लाल या रंगांनी इशारे देते आणि मंगळवारी व शुक्रवारी शेतकऱ्यांसाठी कृषी हवामान सल्ला प्रसिद्ध होतो. माहितीची उणीव आता फारशी राहिलेली नाही. उणीव आहे ती माहिती मिळाल्यानंतरच्या काही तासांत कृती करण्याची.

इशारा मिळताच ग्रामपंचायतीने ध्वनिवर्धकावरून तो सांगावा. आशा कार्यकर्तीने त्या दिवशी नवजात बालकांच्या व एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जावे. तरुण मंडळांनी जादा पांघरुणे गोळा करावीत. शाळेने गरज पडल्यास सकाळची वेळ पुढे ढकलण्याबाबत विचार करावा. शेतकऱ्याने वीज कोणत्या वेळी आहे ते पाहून पाण्याची पाळी लावावी. ही सारी कामे सूर्य मावळण्यापूर्वी होऊ शकतात आणि यांतील बहुतेकांना पैशापेक्षा लक्ष अधिक लागते.

पहाटे पारा किती उतरला याची बातमी आपण दुसऱ्या दिवशी कुतूहलाने वाचतो. त्या आकड्याबरोबरच आपल्या गावात त्या रात्री कोण उघड्यावर होते, कोणाच्या घरी तान्हे मूल होते, याचीही विचारपूस होऊ लागली, तर थंडीच्या लाटेवर निम्मी मात झाली असे म्हणता येईल. उरलेली निम्मी आदल्या दिवशीच्या उन्हात करून ठेवावयाची आहे.